भाच्याला नवं जँगो हवंय आणि संस्थांचे सर्व्हर अजून सेंटओएस ७ वर आहेत

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातला. पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो, पायथन भाषेत, जँगो ३.२ या तयार सांगाड्यावर बांधलेलं आहे, तीसेक संस्थांच्या ऑफिसात त्यांच्याच सर्व्हरवर चालतं. निम्मे सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सचे, बाकी उबुंटू २०.०४, दोन-चार नवीन डेबियन १२ चे, तेही लिनक्सच. काउंटरवरचे पीसी बरेचसे विंडोज ७. मागच्या वर्षी भाचा इंजिनिअरिंग करून माझ्याबरोबर आला. पोरगा हुशार आहे पण त्याला सगळं नवीन पाहिजे. पावतीवर क्यूआर आणि डिजिटल सही यावी म्हणून त्याने नवीन पॅकेजेस घातली, त्याच्या लॅपटॉपवर झकास चाललं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका पतसंस्थेत अपडेट टाकायला गेला तर इन्स्टॉल मधेच बंद. 'सेटअपटूल्स-रस्ट सापडत नाही' अशी एरर, आणि आधीचं व्हर्जनही उठेना. दीड दिवस काउंटर बंद. मॅनेजर साहेब अजून नीट बोलत नाहीत. आता भाचा म्हणतो मामा जुन्या सर्व्हरचा सपोर्टच बंद करू, सरळ जँगो ५.२ वर जाऊ. मी म्हणतो चालत्या गाड्याला खीळ घालू नये. जेवायला बसलं तरी हाच वाद. कुणाचं बरोबर?

उत्तर:

दादा नमस्कार. आधी त्या एररचं बोलू, कारण वाद तिथून पेटलाय आणि पत्रावरून वाटतं की तुम्ही दोघांनीही ती एरर शेवटपर्यंत वाचलेली नाही.

डिजिटल सहीच्या पॅकेजखाली बहुतेक वेळा क्रिप्टोग्राफी नावाचं पॅकेज असतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचं ३.४ व्हर्जन आलं आणि तेव्हापासून ते सोर्समधून बिल्ड करायचं तर रस्ट या दुसऱ्या भाषेचा कंपायलर लागतो, जगभर लोकांनी तेव्हा आरडाओरडा केला होता. पण रस्ट आपल्याला लागायला नको असतं कारण तयार बिल्ड केलेली व्हील फाइल मिळते. मग तुम्हाला का नाही मिळाली? पायथनची पॅकेजेस उतरवणारा पिप सेंटओएस ७ बरोबर येतो तो ९.०.३, आणि आत्ताच्या व्हील्स ज्या मेनीलिनक्स २०१४ नावाच्या साच्यात येतात तो साचा ओळखायला पिप किमान १९.३ लागतो. जुन्या पिपला ती व्हील दिसतच नाही, मग तो सोर्स ओढतो, सोर्सला रस्ट पाहिजे, आणि तिथे गाडी अडते. त्या एररच्या खाली 'डीबग असिस्टन्स' म्हणून मोठी चौकट छापून येते आणि तिच्यात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की पिप अपग्रेड करा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये, पिप वर चढवला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

आणि आधीचं व्हर्जन उठलं नाही याचं कारण वेगळंच आहे. भाच्याने चालू असलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्येच नवीन पॅकेजेस घातली, अर्धी बदलली, अर्धी राहिली. प्रत्येक रिलीजला वेगळा फोल्डर आणि वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, सगळं इन्स्टॉल होऊन टेस्ट पास झाल्यावरच सर्व्हिस नव्या फोल्डरकडे वळवा, काही झालं तर परत जुन्याकडे वळवायला एक कमांड लागते. बऱ्याच संस्थांमध्ये नेट धड नसतं म्हणून पिपने ऑफिसात सगळ्या व्हील्स डाउनलोड करून एका फोल्डरात घ्या आणि पेनड्राइव्हवर न्या, व्हर्जन लॉक केलेली आणि हॅशसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायच्या खुणेसकट. संस्थेत बसून इंटरनेटवरून इन्स्टॉल करायचं नाही म्हणजे नाही, तिथे नेमकं काय उतरेल त्याचा भरवसा नसतो. हे दोन नियम आजपासून लावा, नव्या-जुन्याचा वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही.

आता कुणाचं बरोबर. दादा, स्पष्टच सांगते, सेंटओएस ७ च्या बाबतीत भाच्याचं बरोबर आहे. ३० जून २०२४ ला त्याची मुदत संपली, त्यानंतर सिक्युरिटीचे फिक्सेस येणं बंद. त्यावरचा पायथन ३.६ तर डिसेंबर २०२१ मध्येच संपला. आणि तुमचं स्वतःचं जँगो ३.२? त्याची मुदत एप्रिल २०२४ ला संपलीय. तुम्ही त्याला चालता गाडा म्हणताय, पण चालतंय म्हणजे स्टेबल असं होत नाही. स्टेबल सिस्टीम म्हणजे जिचं व्हर्जन हलत नाही पण जिच्यामागे कुणीतरी बसून रोज भोकं बुजवतंय. मागचं माणूस उठून गेलं की ती सिस्टीम नुसती बेवारस असते, आणि तुमच्या सर्व्हरवर लोकांच्या ठेवी आहेत, कुणाच्या मुलीच्या लग्नाचे पैसे आहेत, कुणाचं म्हातारपण आहे. तिथे हे चालवून घ्यायचं नाही.

हा फरक भाच्यालाही समजावून सांगा कारण त्याला वाटत असेल की मोठा नंबर म्हणजे सुरक्षित. तसं नाहीये. डेबियन १२ मध्ये लांबून सर्व्हरवर लॉगिन करायचं ओपनएसएसएच ९.२ आहे. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये मोठी भानगड सापडली, ८.५ पासून ९.७ पर्यंतची व्हर्जन्स तिच्यात सापडली, पण डेबियनने लोकांना ९.८ वर ढकललं नाही, ९.२ मध्येच तेवढाच फिक्स मागे आणून बसवला, नंबर तोच राहिला फक्त शेपटीला 'डेब१२यू३' लागलं. म्हणून ऑडिटवाल्याच्या स्कॅनरने नुसता नंबर बघून लाल शेरा मारला तर घाबरायचं नाही, शेपूट दाखवायचं. उलट मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जन्समध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातलेला सापडला, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला जरा जास्त वेळ लागतोय म्हणून संशय आला आणि त्याने तो शोधून काढला. तेव्हा डेबियन स्टेबलवर ५.४ होतं, ते लोक वाचले. ज्यांनी डेबियनच्या टेस्टिंग शाखेवर रोज ताजं ओढलं होतं त्यांची धावपळ झाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक सर्व्हरला आणि प्रत्येक पॅकेजला एकच प्रश्न विचारा, याचे सिक्युरिटी फिक्सेस आज कोण देतंय आणि कोणत्या तारखेपर्यंत? नाव आणि तारीख दोन्ही सांगता आली तर ते कितीही जुनं असू दे, सांभाळा, त्यासाठी दोन शिव्या खाऊन नव्या फीचरवर पाणी सोडावं लागलं तरी सोडा. सांगता आली नाही तर ते सोडायची तारीख ठरवा. हा प्रश्न मामालाही लागू आणि भाच्यालाही.

या हिशोबाने तुमची यादी बघू. डेबियन १२ ला एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा सपोर्ट, धरून जून २०२८ पर्यंत वेळ आहे, छान. उबुंटू २०.०४ चा फुकटचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, उबुंटू प्रोची वर्गणी घेतली तर २०३० पर्यंत फिक्सेस येतात, म्हणजे वर्गणी असेल तर ती जुनी पण सांभाळलेली सिस्टीम आणि नसेल तर ती सेंटओएसच्याच रांगेत. सेंटओएस ७ चं तर झालंच बोलून.

आता भाच्याचं 'सरळ ५.२ वर जाऊ'. जँगो ५.२ चांगलंच आहे, एलटीएस आहे, एप्रिल २०२८ पर्यंत मुदत आहे, शेवटी तिथेच जायचंय. पण त्याला पायथन किमान ३.१० लागतं आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस किमान १४. उबुंटू २०.०४ मध्ये पायथन ३.८ आणि पोस्टग्रेस १२ असतं. म्हणजे एका फटक्यात तुमच्या तीस संस्थांपैकी ते दोन-चार डेबियनवाले सोडून सगळे बाहेर. सपोर्ट बंद करणं म्हणजे फक्त कोडमधून चार ओळी काढणं नव्हे, त्या संस्थेने पुढच्या महिन्यात काय करायचं याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर त्याच्याकडे आत्ता नाहीये.

मधली वाट आहे. ३.२ वरून आधी ४.२ वर या, ते पायथन ३.८ आणि पोस्टग्रेस १२ वर चालतं. त्याची मुदत एप्रिल २०२६ चीच, त्यामुळे तिथे मुक्काम करायचा नाही, ती फक्त पायरी, तिथे डेप्रिकेशनच्या, म्हणजे 'हे पुढे काढून टाकणार' असं सांगणाऱ्या, सगळ्या वॉर्निंग्ज चालू करून एकेक साफ करा आणि मग ५.२. भाच्याला हे कंटाळवाणं वाटेल पण त्याला एक गोष्ट दाखवा म्हणजे त्याचा कंटाळा जाईल. जँगो ५.० पासून यूज-टीझेड ही टाइमझोनची सेटिंग काही न लिहिता चालू असते, आधी काही न लिहिता बंद असायची. तुमच्या सेटिंग्ज फाइलमध्ये ती ओळ नसेल तर काय होईल बघा. वेळ आता यूटीसी या जागतिक वेळेत हातात येते, आपण साडेपाच तास पुढे. दूध संस्थेत संकलन पहाटे सुरू होतं. ११ तारखेला पहाटे ५ वाजता एखाद्या बाईने दूध घातलं तर यूटीसीप्रमाणे ती वेळ १० तारखेची रात्री साडेअकरा. कोडमध्ये कुठेही त्या वेळेवरून नुसतं डेट काढलं असेल तर तिचं दूध आदल्या दहा दिवसांच्या बिलात जाईल, जे बिल कदाचित काढूनही झालंय. एरर येणार नाही, लॉगमध्ये काही दिसणार नाही, सगळ्या स्क्रीन हिरव्यागार, आणि तिसऱ्या दिवशी ती बाई पासबुक घेऊन दारात उभी. भाच्याला सांगा कोडमध्ये वेळेतून तारीख काढलेली प्रत्येक जागा शोध, लोकलटाइम वापर, आणि पहाटे ५ आणि ५:३१ अशा दोन एन्ट्रींची टेस्ट लिही. लॅपटॉपवर दुपारी तीन वाजता टेस्ट केली तर हे कधीच सापडणार नाही.

तसंच मराठी पावत्यांचं. पीडीएफ तुम्ही कशाने काढता ते लिहिलं नाहीये, वीझीप्रिंट असेल तर ५३ पासून त्याला पँगो १.४४ लागतं आणि सेंटओएस ७ वर १.४२ आहे, म्हणजे तिथे ५२.५ वरच थांबावं लागतं. अक्षरं जुळवायचं काम पँगो आणि त्याखालचं हार्फबझ करतं, पायथन नाही, त्यामुळे पायथनच्या टेस्ट पास झाल्या तरी पावती बिघडू शकते. दहा-बारा अवघड नावांची एक फाइल करून ठेवा, कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, दत्तात्रय, शर्मिष्ठा, लक्ष्मी, असली, आणि प्रत्येक सिस्टीमवर त्यांची पावती काढून खरोखर कागदावर छापून बघा, ऱ्हा नीट आला का, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीच आहे का. लोकांना आपल्या नावाचं फार असतं आणि असायलाच पाहिजे, नाव मोडलेली पावती बघितली की आतल्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

सेंटओएस ७ च्या निम्म्या संस्थांचं काय करायचं ते आता. लगेच सर्व्हर बदलणं होणार नाही हे मला कळतं, संचालक मंडळाची मीटिंग होणार, ठराव होणार, कोटेशन मागवणार. तोपर्यंत पूल म्हणून वेगळा पायथन सोबत न्या. युव्ही नावाचं टूल जो पायथन उतरवतं तो जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.१७ वर चालतो, म्हणजे सेंटओएस ७ वरही चालतो, आणि एन्क्रिप्शनचं ओपनएसएसएल त्याच्या पोटातच असतं त्यामुळे सर्व्हरवरच्या जुन्या ओपनएसएसएलशी भांडण नाही. फक्त सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका, सर्व्हरची पॅकेजेस बसवणारा यम त्याच पायथन २.७ वर चालतो, ती लिंक बदलली की यम मेला. कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट एका डब्यात बंद करणं, हा पण पूल होऊ शकतो. पण पूल म्हणजे पूलच, खालचा ३.१० चा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तोच राहतो, त्याला सेंटओएसकडून आता फिक्स येत नाही, आणि बरीच पॅकेजेस आता व्हीलसाठी जीलिबसी २.२८ मागायला लागलीत त्यामुळे हा पूल दिवसेंदिवस अरुंद होणार. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरने जानेवारी २०२४ च्या १.८६ व्हर्जनमध्ये हीच २.२८ ची अट घातली तेव्हा सेंटओएस ७ आणि उबुंटू १८.०४ च्या सर्व्हरला रिमोटने जोडणारे लोक एका सकाळी बाहेर पडले, एवढा ओरडा झाला की लगेच पुढच्या दुरुस्तीत बारा महिन्यांची सवलत द्यावी लागली. सवलत आधी दिली असती तर ओरडा झाला नसता, तुम्ही आधी द्या.

म्हणजे संस्थांना लेखी कळवा. साध्या मराठीत एक पानाचं पत्र, तुमच्या सर्व्हरच्या सिस्टीमला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं ३० जून २०२४ ला थांबलंय, आमचं जुनं व्हर्जन आम्ही अमुक तारखेपर्यंत सांभाळू, त्या काळात त्यात फक्त सुरक्षेचे आणि कायद्यातल्या बदलांचे फिक्स येतील, क्यूआर वगैरे नवीन काही येणार नाही, आणि नवीन सिस्टीमवर यायला खर्च इतका. तारीख द्या, एक वर्ष पुढची द्या हवं तर, पण द्या आणि पाळा. हे काही आपलंच नवीन नाही, डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीत भोक सापडून हाहाकार झाला तेव्हा ती बनवणाऱ्या अपाचेच्या लोकांनी जावा ७ साठी २.१२.२ आणि जावा ६ साठी २.३.१ अशा वेगळ्या दुरुस्त्या काढल्या, जुन्या लोकांना भोक बुजवून दिलं पण नवी फीचर्स दिली नाहीत. आणि सायंटिफिक पायथनवाल्या मंडळींनी तर कॅलेंडरच ठरवून टाकलंय, पायथनचं व्हर्जन बाहेर आल्यापासून तीन वर्षांनी ते सोडायचं, बाकीच्या मुख्य पॅकेजेसचं दोन वर्षांनी. तुम्हाला तीन वर्षं परवडणार नाहीत, संस्था इतक्या पटापट हलत नाहीत, तुमची पाच ठेवा. पण कॅलेंडर असलं की जेवताना वाद होत नाही, भाच्याला माहीत असतं नवीन कधी मिळणार आणि तुम्हाला माहीत असतं जुनं कधी सुटणार.

नवीन सर्व्हर घेताना सगळीकडे एकच सिस्टीम ठेवा, डेबियन म्हणा किंवा सेंटओएसच्या जागी आलेलं अल्मालिनक्स म्हणा, पण एकच. अल्मा घेणार असाल तर ९ ला जरा नवा प्रोसेसर लागतो, फारच जुनं मशीन असेल तर ८ घ्या, त्याला २०२९ पर्यंत मुदत आहे आणि त्याच्या रिपॉझिटरीत पायथन ३.१२ सिस्टीमच्या पायथनशेजारी इन्स्टॉल करता येतो. बहुतेक ठिकाणी मशीन तेच राहील, फक्त डिस्क नवीन टाका आणि जुनी डिस्क कपाटात जपून ठेवा.

काउंटरच्या विंडोज ७ बद्दल थोडक्यात, क्रोम तिथे १०९ वर थांबलंय, तेव्हा भाच्याने स्क्रीन बनवताना क्रोम १०९ मध्ये उघडून बघितल्याशिवाय पाठवायची नाही, आणि त्या पीसीवरून संस्थेचं नेट बँकिंग करू नका असं मॅनेजरांना सांगा, ते पत्रातच घाला.

वेळेचं पण ठरवून टाका. पतसंस्थेत १५ फेब्रुवारी ते एप्रिल अखेर काही हलवायचं नाही, मार्च एंड आणि ऑडिटची गडबड असते. दूध संस्थेत १, ११ आणि २१ तारीख आणि दिवाळीच्या बोनसचा पंधरवडा टाळायचा. भाच्याने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अपडेट नेलं हे चुकलंच, पण दादा, त्याला तारीख कुणी सांगितली होती का? कॉलेजात मार्च एंड शिकवत नाहीत. हे तुमच्याकडचं ज्ञान आहे, ते त्याला द्या, आणि त्याच्याकडून टेस्ट लिहायला शिका. त्याला काम द्या की ऑफिसात उबुंटू २०.०४ आणि डेबियन १२ दोन्हीवर प्रत्येक बदल आपोआप टेस्ट झाला पाहिजे, सेंटओएस ७ ची जुनी शाखा तारीख येईपर्यंत तिसरी. ज्याला जुनं सोडायचंय त्याच्याच हातात जुन्याच्या टेस्ट असल्या की तो सोडताना नीट सोडेल.

आणि त्या मॅनेजर साहेबांकडे दोघं मिळून जा. पहिली संस्था म्हणून त्यांचीच घ्या असं मी म्हणणार नाही, आधी एखादी छोटी दूध संस्था घ्या जिथले सचिव तुम्हाला ओळखतात, तिथे नवीन डिस्कवर सगळं बसवून मागच्या महिन्याचा बॅकअप रिस्टोर करा आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा, दोन्हीकडे पैशापर्यंत जुळते का ते बघा. ती जुळलेली छापील तेरीज घेऊन मग मॅनेजर साहेबांकडे जायचं, मे महिन्यात, आणि बोलायला भाच्याला पुढे करायचं.